फिशटँकचा पंप रात्री घूं घूं करतो? आवाज न करणारा रिटर्न पंप निवडायचा कसा

बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘सायलेंट’ छापलेलं असतं. दुकानात, ट्रॅफिकच्या आणि गिऱ्हाइकांच्या गोंगाटात, तो पंप खरंच सायलेंट वाटतो. मग घरी येतो, टँकखालच्या कॅबिनेटमध्ये बसतो, आणि रात्री अकराला टीव्ही बंद झाला की त्याचा खरा सूर लागतो. वसई-विरारमधल्या बहुतेक घरांत टँक हॉलमध्ये असतो आणि त्याच हॉलमध्ये कोणीतरी झोपतंही. त्या माणसाला पहाटेची चर्चगेट पकडायची असेल, तर हा आवाज दोन-तीन रात्रींतच घरातला मुख्य विषय बनतो. ‘मासे ठेव नाहीतर आम्हाला ठेव’ इथपर्यंत बोलणी गेलेली घरं मी पाहिली आहेत.

म्हणून हा लेख. मी विरारला राहतो, तीन फुटी टँक सांभाळतो, आणि ओळखीतले लोक पंप घेण्याआधी मला लिंक पाठवतात. त्यांना मी एकेकट्याला जे सांगतो ते इथे एकत्र लिहितोय.

आधी एक प्रश्न: तुम्हाला रिटर्न पंप लागतो का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या टँकखाली कॅबिनेटमध्ये दुसरी छोटी काचेची टाकी ठेवतात, तिला संप म्हणतात. (एसटीवाला संप नाही.) वरच्या टँकमधलं पाणी पाइपातून आपोआप खाली उतरतं, संपमध्ये गाळलं जातं, आणि तिथून ते पुन्हा वर ढकलायचं काम जो करतो तो रिटर्न पंप. तो चोवीस तास, बारा महिने चालतो. घरात फ्रिज सोडला तर इतकं सलग काम करणारं दुसरं यंत्र शोधून सापडणार नाही, आणि फ्रिजही मध्ये मध्ये थांबतो.

तुमचा टँक दीड-दोन फुटी असेल, त्यात गप्पी, मॉली, टेट्रा असतील, तर संपच्या भानगडीत पडू नका. चांगला स्पंज फिल्टर आणि एअर पंप पुरे. संप तीन फुटांच्या पुढे, किंवा ऑस्कर, गोल्डफिश यांसारखे घाण जास्त करणारे मासे असतील तर, किंवा समुद्री टँक असेल तर कामाचा. त्याखाली खर्च आणि आवाज दोन्ही फुकट वाढतात.

आवाज तीन जागांहून येतो

पंप बदलण्याआधी कान नीट लावा, कारण निम्म्या वेळा गुन्हेगार दुसराच असतो.

पहिला आवाज म्हणजे घूं. एकसुरी, खालच्या पट्टीतला. हा मोटरचा. आपल्याकडे घरात येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते. म्हणजे करंटची दिशा सेकंदाला ५० फेऱ्या मारते. साध्या एसी पंपात एक चुंबक असलेला इम्पेलर असतो आणि बाहेर तांब्याची कॉइल. करंट ज्या लयीत बदलतो त्या लयीत चुंबक फिरतो: सेकंदाला ५० वेळा, मिनिटाला ३०००. पण प्रत्येक फेरीत कॉइलची ओढ दोनदा वाढते आणि दोनदा ओसरते, त्यामुळे थरथर होते ती सेकंदाला १०० वेळा. इमारतीबाहेरच्या ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिल्यावर जो गुणगुणाट ऐकू येतो तोही मुख्यतः १०० हर्ट्झचाच. दोघांचा सूर एकच, फक्त ट्रान्सफॉर्मर आपल्या उशीपासून लांब असतो.

दुसरा आवाज खडखड किंवा टर्रर्र. हा इम्पेलरचा. शाफ्ट झिजला, बुशिंग सैल झालं, वाळूचा कण किंवा गोगलगायीचा तुकडा आत अडकला, नाहीतर पंप पाण्याबरोबर हवा ओढतोय. नवीन पंप पहिले काही तास थोडा खडखडतो, आतली हवा निघून गेली की शांत होतो. दोन दिवसांनीही तसाच असेल तर परत करा.

तिसरा आवाज गुळगुळ, डबाक, कधी टॉयलेटच्या फ्लशसारखा. हा पंपाचा नाहीच. वरून खाली येणाऱ्या पाइपात पाण्याबरोबर हवा गुंतते आणि ती सुटताना हा आवाज होतो. इथे दहा हजारांचा पंप लावला तरी काही फरक पडणार नाही. खाली येणाऱ्या पाइपाला गेट व्हॉल्व्ह लावून तो पूर्ण पाण्याने भरलेला चालवा आणि जोडीला वरच्या पातळीवर एक मोकळा आपत्कालीन पाइप ठेवा, किंवा वरच्या तोंडाला छोटं हवेचं छिद्र असलेला ड्युर्सो प्रकारचा पाइप बसवा. प्लंबरच्या दुकानातल्या साध्या पीव्हीसी तुकड्यांत काम होतं. खाली संपमध्ये पाइपाचं तोंड पाण्याच्या एक-दोन इंच आत बुडवलं की उरलेला डबाकही जातो.

आणखी एक छुपा साथीदार आहे, तो म्हणजे कॅबिनेट. प्लायवूडचा, वर सनमायका, आतून पोकळ. अगदी ढोलकी. पंप स्वतः कमी आवाज करतो, पण त्याची थरथर संपच्या काचेला, काचेतून प्लायला आणि प्लायमधून लादीला जाते. खालच्या मजल्यावरच्या काकूंना तुमचा पंप ऐकू येतो तो या वाटेने.

तपासायची सोपी पद्धत: मेन स्विच बंद करा, पंपाखाली जाड स्पंजचा तुकडा ठेवा, पंप संपच्या कुठल्याही काचेला टेकत नाही हे बघा, मग चालू करा. घूं बरीच कमी झाली तर पंप ठीक आहे, बसवणं चुकलंय. काहीच फरक नाही तर मोटरच तशी आहे.

फोनने आवाज मोजा, पण आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको

आता तुमच्या हातातल्या यंत्राचा उपयोग. फायफॉक्स नावाचं एक मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन शहराच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने बनवलेलं. अँड्रॉइड, आयफोन दोन्हीवर चालतं आणि फोनच्या सेन्सरवर प्रयोग करू देतं. त्यात ‘ऑडिओ स्पेक्ट्रम’ उघडा, पंखा बंद करा, फोन कॅबिनेटजवळ धरा. पडद्यावर १०० हर्ट्झपाशी टोकदार सुळका दिसला तर ती मोटरची घूं. बरेचदा त्याच्या पटीत, २०० आणि ३०० वरही छोटे सुळके असतात. सुळका नाही, नुसता पसरट डोंगर आहे, तर तो पाण्याचा आवाज. पंप बंद करून परत बघा, सुळका गायब झाला की खात्री पटली. तरीही राहिला तर फ्रिज किंवा लाइटच्या ॲडाप्टरकडे जा.

डेसिबल दाखवणारी ॲप्स मात्र जपून वापरा. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. खूप हळू आवाजात त्याची स्वतःचीच खरखर आकड्यात मिसळते, आणि खालच्या पट्टीतले आवाज अनेक फोन मुद्दाम गाळतात. त्यामुळे तुमच्या फोनवर ३८ आणि मित्राच्या फोनवर ३१ येऊ शकतं. एकाच फोनने, एकाच जागेवरून, पंप चालू आणि पंप बंद असे दोन आकडे घ्या. त्यातला फरक खरा. जागा कुठली? उशी. कॅबिनेटच्या दारात मोजून काय करणार, तिथे कोणी झोपत नाही.

हाच घोळ बॉक्सवरच्या डेसिबलमध्ये असतो, जरा वेगळ्या तऱ्हेने. तिथे लिहिलेला आकडा सहसा ‘ए-वेटिंग’ लावून काढलेला असतो. आपल्या कानाला खालच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, म्हणून मोजतानाच ते कमी धरायचे, अशी ती पद्धत. १०० हर्ट्झला त्यातून साधारण १९ डेसिबल वजा होतात. म्हणजे ज्या घूंचा तुम्हाला त्रास होतोय, तिलाच त्या आकड्यात सर्वात मोठी सवलत मिळते! शिवाय तो पंप टेबलावर होता की पाण्यात, एक मीटरवरून मोजला की तीन, हे कोणी लिहीत नाही. संदर्भासाठी सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असं म्हटलंय. भारतातल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्रीची मर्यादा ४५ आहे, पण ती बाहेरच्या परिसरासाठी. त्यामुळे ‘४० डेसिबलपेक्षा कमी’ ही जाहिरात ऐकून खूश व्हायचं कारण नाही.

फोनचा ॲक्सिलरोमीटर कॅबिनेटवर ठेवून थरथर मोजावी असं कोणाच्या डोक्यात येईल. करून बघा, मजा येते. पण १०० हर्ट्झची थरथर पकडायला सेन्सरने सेकंदाला २०० पेक्षा जास्त नोंदी घ्याव्या लागतात, आणि सगळे फोन तेवढ्या घेत नाहीत. इथे तळहात जास्त भरवशाचा.

एसी की डीसी?

एसी पंप स्वस्त, साधा, दणकट. वायर सरळ प्लगमध्ये. त्याचा वेग मात्र विजेच्या ५० हर्ट्झला बांधलेला, कमी-जास्त करता येत नाही. आणि एक गंमत म्हणजे साधा एसी पंप चालू होताना कुठल्याही दिशेने फिरू शकतो. दोन्ही दिशांना पाणी फेकता यावं म्हणून त्याच्या इम्पेलरची पाती सरळ ठेवलेली असतात. अशी पाती पाण्याला कापण्यापेक्षा थोबाडीत जास्त मारतात, त्यामुळे वीजही जाते आणि आवाजही होतो.

डीसी पंपात ॲडाप्टर २३० व्होल्टचे १२ किंवा २४ व्होल्ट करतो, आणि कंट्रोलर कॉइलना क्रमाने वीज देऊन चुंबक फिरवतो. दिशा ठरलेली, त्यामुळे पाती वळणदार करता येतात. ओढ गुळगुळीत, त्यामुळे १०० हर्ट्झची ती ओळखीची घूं बहुतेक नाहीशी होते. वेग बटणाने किंवा ॲपने बदलता येतो. तोटे? किंमत बऱ्यापैकी जास्त, कंट्रोलर नावाचा आणखी एक बिघडणारा भाग, आणि स्वस्तातल्या काही कंट्रोलरचा स्वतःचाच बारीक किर्र आवाज. हा किर्र तरुण कानांना जास्त ऐकू येतो, बाबांना येत नाही, मग तुम्ही सांगता आणि ते म्हणतात, ‘कुठे काय?’

माझं मत: टँक झोपायच्या खोलीत असेल तर डीसी घ्या, पैसे साठवून घ्या. हॉलमध्ये असेल, रात्री दार लागत असेल, तर चांगला एसी पंप नीट बसवला की पुरतो. जर्मनीच्या एहाइमचे आणि इटलीच्या सिचेचे एसी पंप कमी आवाजासाठीच ओळखले जातात. सिचेच्या एका मालिकेचं नावच ‘सिंक्रा सायलेंट’ आहे. डीसीमध्ये आपल्याकडे चिनी जेबाओ सहज मिळतो. पण ब्रँडपेक्षा पुढचं गणित महत्त्वाचं.

बॉक्सवरचे ‘लिटर पर अवर’ वाचायचे कसे

बॉक्सवर लिहिलेलं असतं २००० लिटर पर अवर, आणि बाजूला छोट्या अक्षरात एच-मॅक्स २.५ मीटर. लोक पहिला आकडा वाचतात, कामाचा दुसरा असतो. २००० लिटर हे पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हाचे. २.५ मीटर ही अशी उंची, जिथे पोचल्यावर प्रवाह शून्य. तुमचा टँक या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो.

एक टँक घेऊन मोजू. लांबी ३ फूट, रुंदी दीड, उंची दीड. काचेच्या मापाने साधारण १९० लिटर, वाळू-दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता १६० धरू. संपमधून तासाला तीन ते पाच वेळा सगळं पाणी फिरलं की गोड्या पाण्याच्या टँकला पुरतं, म्हणजे ५०० ते ८०० लिटर. आपण ६०० धरू.

आता उंची. ही संपच्या तळापासून मोजत नाहीत. खालच्या पाण्याच्या पृष्ठभागापासून वरच्या पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत मोजतात. कॅबिनेट ३० इंच, टँक १८ इंच, एकूण ४८. संपमध्ये पाणी ८ इंच. म्हणून उरले ४० इंच, जवळजवळ १ मीटर. त्यात पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह यांचं घर्षण, पाव मीटर धरा. म्हणजे पंपाला सव्वा मीटरवर ६०० लिटर द्यायचे आहेत.

ज्याच्यावर १००० लिटर आणि १.५ मीटर लिहिलंय, तो सव्वा मीटरवर जेमतेम दीडशे ते चारशे लिटर देईल आणि सतत कण्हत राहील. २००० लिटर, २.५ मीटरवाला साधारण १००० ते १४०० देईल. हा जास्त झाला, पण डीसी असेल तर वेग कमी करून चालवता येतो, आणि शांतता नेमकी तिथेच मिळते. वेग ८० टक्क्यांवर आणला की ताकद, म्हणजे पाणी चढवायची उंची, ६४ टक्क्यांवर येते आणि वीज ५१ टक्क्यांवर. वेग थोडाच कमी, वीज निम्मी, कारण वीज वेगाच्या घनात बदलते. आपल्या उदाहरणात ८० टक्क्यांवर ६०० लिटरच्या आसपास पाणी मिळेल.

मग आणखी कमी करू, अजून शांत होईल? इथे सांभाळा. उंची वेगाच्या वर्गात पडते. २.५ मीटरवाला पंप ६३ टक्क्यांवर आला की त्याची कमाल उंची बरोबर १ मीटर होते, म्हणजे आपल्या टँकमध्ये पाणी वर पोचणंच बंद. पंप फिरतोय, लाइट लागलाय, आवाज अजिबात नाही, आणि वरचे मासे त्याच पाण्यात. म्हणून वेग बदललात की मोजा: वरच्या पाइपाचं तोंड त्याच उंचीवर १० लिटरच्या बादलीत धरा आणि फोनच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. ३६ सेकंदांत भरली तर तासाला १००० लिटर, ६० सेकंदांत भरली तर ६००. बादलीत गेलेलं पाणी लगेच वर ओता, नाहीतर संप रिकामा होऊन पंप कोरडा पडेल.

पाइपाची जाडीही आवाज ठरवते. आत अर्धा इंच असलेल्या पाइपातून तासाला १००० लिटर न्यायचे तर पाण्याला सेकंदाला सव्वादोन मीटर पळावं लागतं. एक इंची पाइपात तेच पाणी अर्ध्या मीटरच्या वेगाने चालत जातं. सळसळ कमी, पंपावर ताणही कमी. पंपाचं तोंड बारीक असलं तरी लगेच पुढे मोठा पाइप जोडा.

पंप आणि कडक पीव्हीसी पाइप यांच्यामध्ये चार-सहा इंच सिलिकॉनची मऊ नळी टाका. थरथर तिथेच मुरते. संपखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा किंवा थर्माकोल हवाच. या दोन्ही गोष्टी शंभर-दोनशे रुपयांत होतात आणि माझ्या अनुभवात यांचा फरक नव्या पंपाइतका पडतो.

लाइट गेली तर?

वसई-विरारमध्ये पंपाचा लेख लिहायचा आणि हा भाग गाळायचा, हे जमणार नाही. जुलै २०१८च्या पावसात नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या आणि आपल्याकडच्या बऱ्याच भागांत वीजही बराच काळ नव्हती. तेवढं मोठं काही नसलं तरी पावसाळ्यात तास-दोन तास लाइट जाणं आपल्याला नवीन नाही.

लाइट गेली की पंप थांबतो आणि वर चढलेलं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली येतं. वरच्या टँकमध्ये रिटर्नचं तोंड पाण्याखाली ५ सेंटिमीटर बुडालेलं असेल तर ते तोंड उघडं पडेपर्यंत पाणी संपमध्ये ओढलं जाईल. आपल्या तीन फुटी टँकमध्ये १ सेंटिमीटर म्हणजे सव्वाचार लिटर. ५ सेंटिमीटर म्हणजे २१ लिटर. संप २ फूट बाय १ बाय १ असेल आणि त्यात ८ इंच पाणी असेल, तर वर रिकामी जागा राहते साधारण १८-१९ लिटरची. उरलेलं कुठे जाईल? हॉलमध्ये, आणि मग खालच्या घराच्या छतातून. रात्री तीनला.

उपाय साधा: तोंड पृष्ठभागाखाली जेमतेम १ सेंटिमीटर ठेवा, किंवा पृष्ठभागाच्या जरा खाली पाइपाला छोटं भोक पाडा, म्हणजे तिथून हवा शिरून ओढ तुटते. या भोकात शेवाळ धरतं, टूथपिकने अधूनमधून साफ करत जा. नुसत्या वन-वे व्हॉल्व्हवर विसंबू नका, एका कचऱ्याच्या कणाने तो अर्धवट उघडा राहतो. आणि सगळं जोडून झालं की स्वतः प्लग काढून दहा मिनिटं बघत बसा. पाणी कुठे थांबतं तिथे संपच्या काचेवर मार्करने रेघ मारा.

हीच चाचणी डीसी पंपाच्या कंट्रोलरलाही द्या. वीज परत आल्यावर तो आपोआप सुरू होतो का, आणि पूर्वीच्याच वेगाने का? काही मॉडेल थेट पूर्ण वेगाने उठतात, आणि तुम्ही ऑफिसात असता. वायफायवाला पंप घेतलात तर तो बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कलाच जोडला जाईल. राउटर बंद असताना कंट्रोलरवरच्या बटणाने चालतो का हेही बघून घ्या.

इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह आहे की स्क्वेअर वेव्ह हे पाहा. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप पंख्यासारखाच जास्त घुमतो आणि तापतो. डीसी पंपाच्या ॲडाप्टरला त्याचा सहसा तितका त्रास होत नाही. इन्व्हर्टर नसेल तर पंप चालू ठेवायचा हट्ट सोडा आणि ऑक्सिजन वाचवा: फोनच्या पॉवर बँकेवर चालणारा छोटा यूएसबी एअर पंप घ्या. असा पंप साधारण १ वॅट घेतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-अवर साठतात, घट धरून पंचवीस तरी हाती येतात, म्हणजे चांगले वीस-एक तास बुडबुडे. एक अडचण मात्र आहे. काही पॉवर बँका इतका कमी करंट पाहून ‘फोन भरला’ असं समजतात आणि बंद होतात. तुमची तसं करते का, हे आज, लाइट असताना तपासा.

पाणी, पांढरा थर आणि शॉक

आपल्याकडे कोणाला सूर्या योजनेचं पाणी येतं, कोणाला बोअरचं, कोणाला टँकरचं, आणि काही सोसायट्यांत आठवड्यात तिन्ही. बोअरचं पाणी जड असेल तर नळावर जसा पांढरा थर बसतो तसाच इम्पेलरवर आणि शाफ्टवर बसतो. जागा इतकी अरुंद की कागदाएवढा थरही चुंबकाला घासायला पुरतो. सहा महिने शांत असलेला पंप अचानक खडखडायला लागला तर नवीन घेण्याआधी त्याला उघडा. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, किंवा किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, दोन चमचे लिटरभर पाण्यात, त्यात इम्पेलर अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने खळखळून धुवा. साबण अजिबात नको. जड पाणी असेल तर हे दर दोन-तीन महिन्यांनी करा. आणि म्हणूनच पंप घेताना इम्पेलर वेगळा विकत मिळतो का हे विचारा. मिळत नसेल तर तो पंप वापरा-फेका समजा. शाफ्ट सिरॅमिकचा असेल तर उत्तम, समुद्री टँकसाठी तर तसाच हवा, स्टीलचा गंजतो.

पाण्यात बुडणारा पंप आपली जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच सोडतो. ३० वॅटचा पंप १६० लिटर पाण्याला तासाला सुमारे ०.१६ अंशाने तापवू शकतो, पाणी थंड होत नसेल तर. प्रत्यक्षात ते थंड होतंच, पण मे महिन्यात टँक आधीच ३०-३१ वर असतो, तिथे कमी वॅटचा पंप माशांनाही बरा. बिलाचं म्हणाल तर ३० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला साडेएकवीस युनिट, १२ वॅट म्हणजे पावणेनऊच्या आत.

आता ती गोष्ट जिच्यावर कोणी लाइक करत नाही. एसी पंपाची बॉडी चिरली, वायरचं इन्सुलेशन उंदराने कुरतडलं किंवा सील सुटलं, तर २३० व्होल्ट थेट पाण्यात येतात. हात घालण्याआधी मेन बंद, दरवेळी. पंपाच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी असावा आणि थ्री-पिनला खरं अर्थिंग असावं. जुन्या चाळवजा इमारतींत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं, इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या. वायर प्लगपर्यंत नेताना मध्ये खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, बोर्डात जाणार नाही. एक्स्टेंशन बोर्ड कॅबिनेटच्या तळाशी ठेवू नका, उंच स्क्रूने लावा. डीसी पंपात पाण्यात फक्त १२-२४ व्होल्ट असतात, हा त्याचा आवाजाइतकाच मोठा फायदा. पण ॲडाप्टर फडतूस असेल तर तोही राहत नाही. ॲडाप्टरवर बीआयएसचा आर-नंबर छापलेला असेल तर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून खरा आहे का बघता येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

दुकानात उभं राहून काय करायचं

क्रॉफर्ड मार्केटला जा किंवा स्टेशनजवळच्या दुकानात, पंप बादलीत चालवून दाखवायला सांगा. पाच वेळा बंद-चालू करा. एसी पंप दरवेळी लगेच उचलतो का, की अडखळत टर्रर्र करतो, हे बघा. गोंगाटात कान काही सांगत नाहीत, म्हणून बादलीच्या कडेला बोटं लावा, आणि दोन पंपांची थरथर एकाच बादलीत तुलना करा. दुकानदार वैतागेल. वैतागू दे.

ऑनलाइन घेत असाल तर उंची आणि प्रवाहाचा आलेख नसलेला पंप सरळ सोडा. वायरची लांबी बघा, आखूड असली की जोड द्यावा लागतो आणि ओल्या कॅबिनेटमध्ये जोड म्हणजे आफत. रिव्ह्यूंमध्ये पहिल्या आठवड्याचे पाच तारे वाचू नका, ‘सहा महिन्यांनी’ असं शोधा. पार्सल आल्यावर उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत संपायच्या आत किमान दोन रात्री पंप त्याच्या खऱ्या जागेवर चालवा. दुसऱ्या रात्री, पंखा बंद करून, घरात ज्याची झोप सगळ्यात हलकी आहे त्याला विचारा. आमच्याकडे ते काम आजी करते, आणि तिचा निकाल फायफॉक्सच्या आधी लागतो.